तीन महिन्यांची नोकरी रेझ्युमेत लिहायची की नाही?

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल, नाहीतर रात्रीची भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून ठेवतेय. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच आहे.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. शब्द वेगळे, प्रश्न एकच. “ताई, एका कंपनीत अडीच महिनेच होतो, ते दाखवू का?” “सहा आठवड्यांत सोडलं. आता गॅप दाखवू की ती कंपनी दाखवू?” “चार महिने कॉन्ट्रॅक्टवर होते, ते एक्सपीरियन्समध्ये धरतात का?”

उत्तर आधी सांगते, मग सविस्तर बोलू. रेझ्युमे आणि फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेझ्युमेत काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता. फॉर्ममध्ये काय लिहायचं ते फॉर्म ठरवतो. छोटी नोकरी रेझ्युमेतून गाळली तर सहसा काही बिघडत नाही. पण ‘आतापर्यंतच्या सगळ्या नोकऱ्या लिहा’ असं विचारलेल्या फॉर्ममधून ती गाळली, किंवा ती झाकायला दुसऱ्या नोकरीच्या तारखा ताणल्या, तर हातातली ऑफर जाऊ शकते.

११ आठवडे लपवायला गेला आणि...

माझ्या कॉलेजमधला एक ज्युनिअर आहे. नाव सांगत नाही. पहिल्या कंपनीत १ वर्ष १० महिने काढले. मग एका छोट्या कंपनीत गेला. तिथे पगार कधी १० तारखेला, कधी २५ ला. ११ आठवड्यांत त्याने ती सोडली आणि तिसरीकडे लागला. तिथे सव्वा वर्ष चांगलं काम केलं. मग चौथीकडे अप्लाय करताना त्याला कुणीतरी सांगितलं, “अरे, ती मधली कंपनी वाईट दिसते, उडव.” त्याने उडवली. पण उडवल्यावर मध्ये भोक दिसायला लागलं. म्हणून पहिल्या कंपनीची शेवटची तारीख तीन महिने पुढे ढकलली.

सगळे राउंड क्लिअर झाले. ऑफर आली. याने राजीनामा दिला, ६० दिवसांचा नोटीस पिरियड सुरू झाला. नव्या शहरातल्या रूमचं डिपॉझिटही भरलं. नोटीसचे शेवटचे दोन आठवडे राहिले असताना बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट आला. पीएफच्या रेकॉर्डमध्ये पहिल्या कंपनीची खरी तारीख होती आणि मधली कंपनीही होती. नव्या कंपनीने एक मेल मागितला, खुलासा मागितला आणि चार दिवसांत ऑफर मागे घेतली. जुन्या मॅनेजरकडे राजीनामा परत घ्यायला गेला, तर त्याच्या जागी माणूस ठरला होता. पुढचे चार महिने तो घरी होता. घरी आई-वडिलांना काय सांगायचं, हा प्रश्न त्याला त्या चार महिन्यांत रोज पडत होता.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट काय, तर त्या ११ आठवड्यांबद्दल कुणाला फारसा आक्षेप नव्हता. पगार वेळेवर होत नव्हता, म्हणून सोडलं. हे एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. आक्षेप होता तारखेला.

तुमच्या आधी पोर्टल बोलतं

आता हे कळतं कसं, ते समजून घेऊ. कारण अजूनही बऱ्याच जणांना वाटतं, “एवढ्या छोट्या कंपनीचं कोण शोधणार?”

ज्या कंपनीत २० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे साधारणपणे पीएफचा कायदा लागू होतो. पीएफ कापला गेला की तुमच्या यूएएनवर नोंद होते. यूएएन म्हणजे तो १२ अंकी नंबर, जो २०१४ पासून मिळायला लागला. कंपनी बदलली तरी नंबर तोच. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करा आणि सर्व्हिस हिस्टरी उघडा. कंपनीचं नाव, जॉइन झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सगळं ओळीने दिसेल. व्हेरिफिकेशनच्या वेळी कंपन्या याचाच स्क्रीनशॉट किंवा पासबुक मागतात, नाहीतर तुमची संमती घेऊन तपासून घेतात.

शिवाय नव्या कंपनीत पहिल्या दिवशी सह्यांचा जो गठ्ठा येतो, त्यात पीएफचा फॉर्म ११ असतो. आधी पीएफ मेंबर होतात का, यूएएन काय, आधीची नोकरी कधी सोडली, हे त्यात विचारलेलं असतं. म्हणजे रेझ्युमेत लपवलेली कंपनी तुम्ही पहिल्याच दिवशी स्वतःच्या सहीने सांगता.

दुसरी खूण टॅक्सची. पगारातून टीडीएस कापला असेल, तर इन्कम टॅक्स पोर्टलवरच्या एआयएसमध्ये त्या कंपनीचं नाव येतं. आणि हे लपवलं तर खिशालाही चाट बसते. समजा एप्रिल ते जून एका कंपनीत होतात आणि ऑगस्टपासून दुसरीत. दुसरीला पहिलीच्या पगाराबद्दल सांगितलंच नाही, तर दोघीही तुम्हाला स्टँडर्ड डिडक्शन आणि कमी दराच्या स्लॅबचा फायदा देऊन टॅक्स कापतात. रिटर्न भरताना दोन्ही पगार एकत्र येतात आणि वरचा टॅक्स तुम्हाला एकदम भरावा लागतो, कधी व्याजासकट.

तिसरी गोष्ट म्हणजे ओव्हरलॅप. २०२२ मध्ये मूनलाइटिंगचा विषय गाजला होता, आठवत असेल. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्याचं विप्रोच्या रिशद प्रेमजींनी जाहीरपणे सांगितलं होतं. त्यामुळे दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या दिसल्या की एचआर प्रश्न विचारणारच. छोट्या नोकरीत हे फार होतं, कारण घाईत सोडलेली असते आणि कंपनी एक्झिट डेट टाकायलाच विसरते. मग पोर्टलवर तुम्ही अजून तिथेच नोकरीला आहात, असं दिसत राहतं.

याला उपाय आहे. शेवटचं कॉन्ट्रिब्युशन होऊन २ महिने झाले की पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मध्ये जाऊन तुम्ही स्वतः एक्झिट डेट टाकू शकता. तारीख चुकीची पडली असेल तर जॉइंट डिक्लरेशनने दुरुस्त करून घेता येते, पण त्याला वेळ लागतो. म्हणून अप्लाय करायला लागण्याआधीच हे उरकून घ्या. ऑफर हातात आल्यावर पळापळ करू नका.

आणि हो, काही जणांचे दोन यूएएन असतात. त्या छोट्या कंपनीने जुना नंबर न विचारता नवीन काढलेला असतो. “दुसरा नंबर कुणाला माहीत नाही” या भ्रमात राहू नका. आधार तेच, पॅन तेच.

रेझ्युमेत घेऊ की नको?

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग सगळंच लिहू की रेझ्युमेत. तसंही नाही. रेझ्युमे म्हणजे तुमचा पूर्ण इतिहास नाही, या नोकरीसाठी तुम्ही का योग्य आहात त्याचं एक-दोन पानी उत्तर आहे. समोरचा ते चाळतो. मी स्वतः इंटरव्ह्यू पॅनेलवर बसते, तेव्हा इंटरव्ह्यूच्या आधी एका रेझ्युमेला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात सहा आठवड्यांच्या नोकरीने चार ओळी खाल्ल्या, तर तुमचं खरं काम खाली ढकललं जातं.

मी चार प्रश्न विचारायला सांगते.

पहिला प्रश्न: त्या कामाचा या नोकरीशी संबंध आहे का? बॅकएंडच्या जागेसाठी अप्लाय करताय आणि तीन महिन्यांत तुम्ही पेमेंटचं एक मॉड्यूल उभं करून लाइव्ह केलं असेल, तर ते घ्याच. तीन महिने फक्त ट्रेनिंग आणि लॅपटॉपची वाट बघणं झालं असेल, तर लिहायला काही नाही.

दुसरा: काढलं तर किती मोठी फट दिसते? दोन-तीन महिन्यांची फट असेल तर बहुतेक ठिकाणी एक प्रश्न येतो आणि विषय संपतो. पण नोकरी सात महिन्यांची, त्याच्या आधी तीन महिने घरी आणि नंतर दोन महिने घरी, असं असेल तर ती गाळून तुम्ही वर्षभराचा खड्डा तयार करताय. तिथे छोटी नोकरी दाखवलेली बरी.

तिसरा: ही एकच आहे की रांग आहे? पाच वर्षांत एक छोटी नोकरी, कुणी ढुंकून बघत नाही. दोन वर्षांत चार, तर मात्र कारण सांगायची तयारी ठेवा. तिथे लपवालपवी करण्यापेक्षा पुढची नोकरी विचार करून घ्या आणि टिका, हे जास्त उपयोगाचं.

चौथा: किती जुनी आहे? सात वर्षांपूर्वीची दोन महिन्यांची नोकरी आजच्या रेझ्युमेत जागा अडवते. फॉर्ममध्ये लिहा, रेझ्युमेतून जाऊ द्या.

आणि एक पथ्य. नोकरी गाळली, तर ‘टोटल एक्सपीरियन्स’मध्ये तिचे महिने धरायचे नाहीत, आणि शेजारच्या नोकऱ्यांच्या तारखांना हात लावायचा नाही. फट दिसते तर दिसू द्या.

सगळ्या छोट्या नोकऱ्या सारख्या नसतात

इंटर्नशिप आणि कॉन्ट्रॅक्ट या मुळातच छोट्या असतात. त्यांची लाज बाळगायचं कारण नाही. फक्त पदाच्या पुढे ‘इंटर्न’ किंवा ‘सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट’ असं स्पष्ट लिहा. ते लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याला वाटतं की हा सहा महिन्यांत पळाला.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी आणखी एक. तुम्ही बसता मोठ्या क्लायंटच्या ऑफिसात, आयकार्डही त्यांचं, पण पगार येतो दुसऱ्याच पेरोल कंपनीकडून. पीएफलाही त्या पेरोल कंपनीचंच नाव लागतं. मग रेझ्युमेत फक्त क्लायंटचं मोठं नाव लिहिलं की व्हेरिफिकेशनमध्ये क्लायंट सांगतो, “असा कुणी आमचा एम्प्लॉयी नव्हता.” तुम्ही खोटं बोलला नव्हतात, पण कागदावर ते खोटं दिसतं. म्हणून आधी पेरोल कंपनीचं नाव आणि मग ‘क्लायंट अमुक’ असं लिहा.

ले-ऑफ झाला असेल तर सरळ सांगा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये गुगलने १२,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं. त्यानंतर ‘टीम बंद झाली’ हे कारण ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. चार महिन्यांची नोकरी असेल आणि ती कंपनीने संपवली असेल, तर कंसात ‘टीम बंद झाली’ एवढं लिहिलंत तरी पुरे.

कॉलेजात असताना किंवा गॅप इयरमध्ये केलेली कामं, म्हणजे मोबाइलच्या दुकानात पाच महिने, क्लासमध्ये दहावीच्या पोरांना गणित शिकवणं, स्विगी-झोमॅटोची डिलिव्हरी. फ्रेशर असाल तर बिनधास्त घ्या. रोज ठरलेल्या वेळी कामावर जाणं, रागावलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं, हिशेब जुळवणं हे ज्याने केलंय, त्याला ऑफिसात फार शिकवावं लागत नाही. चार वर्षांचा सॉफ्टवेअरचा अनुभव झाल्यावर मात्र ती ओळ आपोआप मागे पडते.

राहिली ती नोकरी, जी पटली नाही म्हणून सोडली. रोल वेगळाच निघाला, नाइट शिफ्ट सांगितली नव्हती, मॅनेजरशी जमलं नाही. ही सगळ्यात अवघड. ती वरच्या चार प्रश्नांतून काढा. पण घ्यायची ठरवलीत तर एक-दोन ओळींत संपवा.

इंटरव्ह्यूत काय बोलायचं?

तीन वाक्यं पुरतात. काय झालं, तुम्ही काय केलंत, आणि ही जागा त्याहून वेगळी का वाटते. उदाहरणार्थ: “मला डेव्हलपमेंटसाठी घेतलं होतं, पण काम सपोर्टचं आणि रोटेशनल शिफ्टचं निघालं. मॅनेजरशी बोललो, टीम बदलून मिळते का पाहिलं, शक्य नव्हतं, म्हणून नीट हँडओव्हर देऊन तीन महिन्यांत बाहेर पडलो. म्हणूनच या जागेबद्दल मी आधी विचारलं की रोजचं काम नेमकं काय आहे.” एवढंच. इंग्रजीत इंटरव्ह्यू असेल तर इंग्रजीत तयार ठेवा, पण एकदा मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात छान वाटतं आणि तोंडातून बाहेर पडताना अडखळतं.

जुन्या कंपनीला शिव्या घालू नका. तुमचं शंभर टक्के खरं असेल, तरी समोरचा अर्धा तासच तुम्हाला ओळखतो. “पगार तीन महिन्यांत दोनदा उशिरा झाला” ही माहिती झाली. “फ्रॉड लोक आहेत” म्हटलं की तुम्ही चिडका ठरता.

समोरच्याची बाजूही बघा. एक माणूस घ्यायला कंपनीचे दोन-तीन महिने जातात. मग त्याचा ६० नाहीतर ९० दिवसांचा नोटीस पिरियड. तो आल्यावर कोडबेस समजायला आणखी दोन महिने. एवढं करून माणूस तीन महिन्यांत गेला, तर टीम पुन्हा शून्यावर येते. पॅनेलवरचा माणूस छोटी नोकरी बघून प्रश्न विचारतो तो या भीतीपोटी. त्या भीतीला उत्तर द्या.

फॉर्म आला की

आता फॉर्म. व्हेरिफिकेशन एजन्सीची लिंक येते, किंवा कंपनीच्या पोर्टलवर माहिती भरायची असते. तिथली सूचना अक्षरशः वाचा. ‘मागच्या दोन कंपन्या’ विचारल्या असतील तर दोनच लिहा. ‘मागची पाच वर्षं’ म्हटलं असेल तर पाच वर्षांतलं सगळं लिहा. ‘सर्व’ म्हटलं असेल तर सर्व, अगदी १८ दिवसांची नोकरी असली तरी. खाली ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’ यावर तुमची सही असते. सरकारी, बँक, पीएसयू यांच्या फॉर्ममध्ये तर ताकही फुंकून प्या.

“पण ताई, रेझ्युमेत नव्हती ती कंपनी फॉर्ममध्ये कशी लिहू? संशय येईल ना?” येऊ नये म्हणून आधीच सांगायचं. एचआरशी पगाराचं बोलणं सुरू होतं, तेव्हा एक मेल टाका: “रेझ्युमेत फक्त या कामाशी संबंधित अनुभव घेतला आहे. याशिवाय अमुक कंपनीत अमुक महिने होतो, फॉर्ममध्ये त्याचा तपशील देत आहे.” हा मेल राजीनामा देण्याआधी जायला हवा. काही आक्षेप असेल तर तो तुमच्या हातात नोकरी असताना कळू दे. माझ्या त्या ज्युनिअरने हे केलं असतं, तर फार तर एक फोन आला असता.

रिलिव्हिंग लेटर नसेल तर? छोट्या नोकरीत हे नेहमीचं. नोटीस न देता निघालात आणि कंपनीने ‘ॲब्स्कॉन्डिंग’चा शिक्का मारला असेल, तर तो तसाच ठेवू नका. एचआरला मेल करा, नोटीसचे पैसे भरून सेटलमेंट होते का विचारा, लेटर घ्या. वर्षभराने मागितलं तरी पुष्कळ कंपन्या देतात. कंपनीच बंद पडली असेल, तर ऑफर लेटर, बँकेतल्या पगाराच्या एंट्र्या, पीएफ पासबुक आणि राजीनाम्याचा मेल जपून ठेवा. ऑफिसचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो, त्यामुळे तुमची पत्रं आणि पगाराच्या स्लिपा आधीच स्वतःकडे काढून घ्या. कंपनीचा कोड आणि क्लायंटची कागदपत्रं मात्र नाही हं, ते वेगळंच लफडं होईल.

लिंक्डइनही तपासा. रेझ्युमेत जून लिहिलंय आणि लिंक्डइनवर सप्टेंबर, असं बऱ्याचदा दिसतं. कधी निव्वळ आळशीपणा असतो, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार?

या रविवारी अर्धा तास काढा. ईपीएफओच्या पोर्टलवर लॉगिन करा, सर्व्हिस हिस्टरी उघडा, शेजारी तुमचा रेझ्युमे ठेवा आणि तारखा जुळवा. जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. मग ती छोटी नोकरी घ्यायची की गाळायची, ते चार प्रश्न विचारून ठरवा. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, फक्त तारीख एकच असली पाहिजे, जी पोर्टलवर आहे तीच.

तुमची केस यात कुठेच बसत नसेल तर लिहून पाठवा. कंपनीचं नाव नको, महिने आणि कारण पुरे. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा जो आत्ता नोटीस पिरियडवर आहे आणि म्हणतोय, “कोण बघतंय एवढं!” भेटू पुढच्या भागात.